वाढत्या उन्हात वाइनची द्राक्षं कशी सांभाळायची: मोजमापापासून नव्या लागवडीपर्यंत

वाइनच्या बागेत उष्णता वाढली की काय होतं असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात द्राक्षं लवकर पिकतात. ते खरंच आहे, पण नुसतं लवकर पिकणं ही अडचण नाहीये. मण्यातली साखर पुढे पळते, रंग, वास आणि बिया मागे राहतात, आणि आंबटपणा तर कोणासाठी न थांबता निघून जातो, अडचण ही आहे. म्हणजे ज्या दिवशी साखर बरोबर असते त्या दिवशी चव कच्ची, आणि चवीसाठी थांबलात तर साखर इतकी चढते की वाइन पंधरा टक्के अल्कोहोलच्या वर जाते. खाली जे जे करायला सांगतोय ते सगळं या फारकतीसाठी आहे, साखरेला थोडं धरून ठेवायचं आणि बाकीच्यांना तिच्यापर्यंत पोचायला वेळ द्यायचा.

फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या बोन गावात द्राक्षतोडणी कधी सुरू झाली त्याच्या तारखा पार १३५४ पासूनच्या मिळतात. १९८७ पर्यंतची सरासरी तारीख २८ सप्टेंबर, आणि १९८८ पासून तोडणी सरासरी १३ दिवस आधी यायला लागली. तेरा दिवस ऐकायला कमी वाटतात, पण सप्टेंबरअखेरच्या ज्या थंड रात्री मण्याला मिळायच्या त्याच नेमक्या हातच्या जातात कारण पिकण्याचा काळ सरकून भर उन्हाळ्यात आलेला असतो. हवा तापलीय ती तापलीयच, वर पिकण्याची वेळही गरम दिवसांत आलीय, असा दुहेरी मार आहे हा.

आधी मण्याच्या आत काय चालतं ते बघू

मण्यात दोन मुख्य आम्लं, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही, मॅलिक मात्र वेल श्वसनात जाळून टाकते आणि जितकं गरम तितकं जास्त जळतं, रात्र गरम असली तर रात्रभर जळत राहतं. म्हणून मी दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा पिकण्याच्या काळातल्या रात्रीच्या किमान तापमानाकडे जास्त बघतो. त्यात मण्यात पोटॅशियम साठत गेलं की पीएच अजून वर सरकतो, म्हणजे आंबटपणा आणखी उतरतो, आणि रेड वाइनचा पीएच ३.८ च्या पुढे गेला की टाकीत सल्फर तेवढाच घालूनही कमी काम करतो, जंतूंना मोकळं रान मिळतं. बागेतली उष्णता अशी थेट तळघरापर्यंत येते.

रंगाचं असं की ३५ डिग्रीच्या वर लाल रंग बनणं मंदावतं आणि बनलेला रंगही कमी व्हायला लागतो. पानं २५ ते ३० डिग्रीच्या आसपास सगळ्यात चांगलं काम करतात, ३५ च्या पुढे वेल पाणी वाचवायला पानांची छिद्रं मिटून घेते आणि कारखाना जवळपास बंद पडतो. मग साखर वाढते कशी? सतत ४० च्या आसपास राहिलं तर ती बनणंही अडतं, पण मणी सुकून आतलं पाणी कमी झालं की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, वर दिसतो. तो आकडा बघून खूश होऊ नका, ती पिकलेली साखर नाही, आटलेला रस आहे.

वासाचंही तेच. सिरा या लाल जातीतला काळ्या मिरीचा वास रोटंडोन नावाच्या पदार्थामुळे येतो, तो थंड जागी टिकतो आणि गरम वर्षी कमी होतो. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या जातीचा हिरवा ताजा वास उन्हात उडतो. रिस्लिंग या दुसऱ्या पांढऱ्या जातीचे घड उघडे पडले तर रॉकेलसारखा वास लवकर आणि जास्त येतो. लाल जातींत ताज्या फळाच्या जागी मनुका आणि शिजवलेल्या फळाचा वास.

पहिली पायरी: हवेचं नाही, घडाचं तापमान मोजा

हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. तुमचा घड सावलीत आहे का? एक साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, म्हणजे ते पिस्तुलासारखं धरून दाबायचं यंत्र, आणि दुपारी तीन वाजता ओळीच्या दोन्ही बाजूंनी फिरा. मी एकदा असं करताना हवा ३७ होती, पश्चिमेकडच्या उघड्या घडावर ४८ दाखवलं, आणि त्याच काडीवरचा दुसरा घड, फक्त तीन पानांच्या मागे असलेला, त्याच्यावर ३६. एकाच काडीवर बारा डिग्रीचा फरक! उघडा घड हातात घेतला तर उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखा लागत होता, उन्हाकडच्या मण्यांची साल फिकट तपकिरी पडलेली आणि मागचे मणी हिरवेगार. तेव्हापासून बागेच्या तापमानाबद्दल कोणी बोललं की मी आधी विचारतो, कुठलं तापमान.

सालीचं तापमान ४५ च्या आसपास गेलं की सनबर्नचा धोका खरा समजायचा, द्राक्षवाले याला उकड्या म्हणतात. पांढऱ्या जातीत साल तपकिरी होते, लाल जातीत उन्हाकडची बाजू रंगच घेत नाही, गुलाबी राहते, पुढे कातड्यासारखी होऊन मणी सुकतो.

दुसरा हिशोब वर्षभराचा. रोजचं कमाल आणि किमान घ्या, सरासरी काढा, त्यातून १० वजा करा, कारण १० डिग्रीच्या खाली वेल जवळजवळ वाढत नाही. कमाल ३४ किमान १८ तर सरासरी २६, म्हणजे त्या दिवसाचे १६. उत्तर गोलार्धात एप्रिल ते ऑक्टोबर ही बेरीज करतात, याला विंकलर निर्देशांक म्हणतात, कॅलिफोर्नियात १९४४ मध्ये अमेरीन आणि विंकलर या दोघांनी यावरून प्रदेशांचे पाच वर्ग पाडले. १३८९ च्या आत पहिला वर्ग, २२२२ च्या पुढे पाचवा. तुमच्या जागेची मागच्या वीसेक वर्षांची बेरीज काढून एका कागदावर ओळीने लिहा. बऱ्याच बागा मालकाला कळायच्या आत एक वर्ग वर सरकलेल्या असतात, आणि लागवड मात्र जुन्या वर्गाच्या जातीची असते. फक्त ही बेरीज सरासरीची आहे, उष्णतेच्या लाटेतले चार दिवस तिच्यात बुडून जातात, म्हणून ३५ च्या वरचे दिवस किती आणि २० च्या वरच्या रात्री किती हे वेगळं मोजाच.

दुसरी पायरी: पानं काढायची घाई सोडा

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना दिसतं, आणि खर्च तर जवळजवळ शून्य आहे.

थंड प्रदेशांतून आलेली शिकवण अशी की घडाभोवतीची पानं काढा, ऊन लागू द्या, हवा खेळू द्या. तिथे ते बरोबरच होतं, बुरशी कमी, रंग चांगला. गरम जागी तीच पानं काढली की घड तव्यावर. त्यामुळे पानं काढायचीच असतील तर फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढा, म्हणजे पूर्वेकडची, आणि दुपारच्या बाजूला हात लावू नका. आणि काढायची तर लवकर काढा, मणी हिरवे आणि बारीक असताना, कारण लहानपणापासून ऊन बघितलेली साल थोडी कणखर होते. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला, म्हणजे मणी मऊ पडून रंग घ्यायला लागतो तेव्हा, एकदम पानं काढून सावलीत वाढलेला घड उन्हात उघडा करणं हे सगळ्यात वाईट.

सावली हवी म्हणजे जंगल नको हेही तितकंच खरं. आत हात घातला तर कोंदट दमट लागता कामा नये. ठिपक्याठिपक्यांचं ऊन घडावर फिरताना दिसलं पाहिजे, सरळ पट्टा पडला नाही पाहिजे. काड्या तारेत घट्ट उभ्या बांधण्याऐवजी दुपारच्या बाजूच्या थोड्या सैल सोडल्या तर त्या वाकून घडावर छत्री धरतात, तार एक खाच वर किंवा बाहेर सरकवणं इतकंच काम आहे.

मग पानांचा आणि फळाचा हिशोब. एक किलो फळ पिकवायला साधारण ०.८ ते १.२ चौरस मीटर पानं लागतात. पानं याहून खूप जास्त असतील तर साखर झपाझप भरते. म्हणून ज्यांची साखर दरवर्षी पुढे पळते त्यांनी मण्यात पाणी उतरल्यावर, १५ ते १७ ब्रिक्सच्या आसपास, वेलीच्या वरच्या भागातली पानं थोडी कमी करावी, घडाच्या वरची, घडाजवळची नाही. वरची पानं तेव्हा सगळ्यात तरुण आणि कामाची असतात, ती गेली की साखर मंदावते आणि रंगाला फार धक्का बसत नाही. पहिल्या वर्षी चार ओळींवरच करून बघा. वेल आधीच कमजोर असेल तर अजिबात करू नका, पुढच्या वर्षीसाठी खोडात साठा कमी पडेल.

विरळणीबद्दलही थोडं वेगळं सांगतो. कमी घड म्हणजे चांगली वाइन हे वाक्य इतकं पाठ झालंय की गरम वर्षीही लोक घड काढून टाकतात आणि उरलेल्या घडांत साखर अजूनच जोरात धावते. जागा गरम आणि वेल तगडी असेल तर थोडे जास्त घड ठेवा.

तिसरी पायरी: पाणी लाटेच्या आधी

पाऱ्याने ४० गाठल्यावर दुपारी ठिबक चालू करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. अंदाज आला की एक दोन दिवस आधी जमीन खोलवर भरून घ्या, वेलीची छिद्रं उघडी राहिली तर ती बाष्पाने स्वतःला थंड ठेवते. रात्री किंवा पहाटे पाणी दिलेलं बरं. रोज थोडं थोडं वरवर दिलं तर मुळं वरच राहतात आणि अशी वेल पहिल्या लाटेतच मान टाकते, त्यामुळे कमी वेळा पण खोल.

वर्षभराचं तंत्र असं की मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंत थोडा ताण द्यायचा, त्याने शेंडे थांबतात आणि मणी लहान राहतो, आणि पाणी उतरल्यावर ताण बेताचा. प्रेशर चेंबर, म्हणजे पानातल्या पाण्याचा ताण मोजायचं यंत्र, असेल तर भर दुपारी पानाचं माप उणे १० बारपर्यंत म्हणजे वेल निवांत, उणे १२ ते १४ मध्यम ताण, उणे १६ च्या पुढे गेलं तर वेल संकटात. यंत्र नसेल तर शेंड्याकडे बघा. शेंडा ताठ आणि तणावे, म्हणजे तारेला विळखा घालणारे धागे, पुढे झेपावलेले तर अजून वाढ चालू आहे, तणावे लोंबायला किंवा वाळायला लागले की थांबलीय. घडाजवळची जुनी पानं पिवळी पडून गळायला लागली तर उशीर झालाय.

जमीन उघडी ठेवू नका. उघडी माती दुपारची उष्णता खालून घडावर फेकते. आच्छादन घाला, पालापाचोळा, कापलेलं गवत, जे असेल ते. ओळींमधलं हिरवं पीक पाणी ओढतं, पण उन्हाळ्याच्या तोंडी कापून किंवा लोळवून तिथेच अंथरलं तर तेच आच्छादन होतं.

चौथी पायरी: छाटणी उशिरा करा

हिवाळी छाटणी पुढे ढकलली की डोळे उशिरा फुटतात, आणि काडीच्या टोकाचे डोळे फुटून दोन तीन पानं येईपर्यंत थांबून मग छाटलं तर खालचे डोळे आणखी मागे राहतात. पिकणं साधारण आठवडा ते दोन आठवडे पुढे जाऊ शकतं. पानं फार मोठी होईपर्यंत थांबलात तर मात्र उत्पादन पडतं, वेल साठा खर्चून बसलेली असते.

याचा दुसरा फायदा दहिवराचा, म्हणजे कोवळे कोंब गोठवणाऱ्या थंडीचा, गरम होत चाललेल्या जगात हे विचित्र वाटेल पण उबदार मार्चने डोळे लवकर फुटतात आणि मग एकच थंड रात्र सगळं जाळते. फ्रान्समध्ये एप्रिल २०२१ मध्ये नेमकं हेच झालं.

ब्राझीलच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ पट्ट्यात तर दोन छाटण्या करून पीकच उन्हाळ्यातून उचलून कोरड्या, थंड रात्रींच्या हिवाळ्यात नेलंय. उन्हाळ्यातले घड काढून टाकायचे, परत छाटायचं आणि हिवाळ्यात तोडणी. सगळीकडे जमणार नाही, वेलीला थंडीची झोप लागते तिथे तर नाहीच, पण पिकण्याचा काळ सरकवता येतो हे त्यातून दिसतं.

पाचवी पायरी: लाटेचा आठवडा

अंदाज आला की हे एवढं: पाणी भरून घेतलं, पानं काढणं आणि शेंडे मारणं थांबवलं, गंधकाची फवारणी थांबवली कारण ३२ ते ३५ च्या पुढे गंधक पानं आणि घड भाजतं. केओलिन म्हणजे पांढरी बारीक चिकणमाती, ती फवारली की ऊन परततं आणि पान घड थोडे थंड राहतात, पण लाटेच्या आधी मारा, नंतर मारून जळलेला मणी परत येत नाही. आणि तोडणी जवळ असेल तर वायनरीला आधी विचारा. जाळी लावायची तर दुपारच्या बाजूला फक्त घडांच्या पट्ट्यावर, ३० ते ४० टक्के सावलीची पुरते. माझं मत विचाराल तर दरवर्षी भाजणाऱ्या ओळींना जाळी, बाकीच्यांना केओलिन.

लाट गेल्यावर लगेच कात्री घेऊन पळू नका. तीन चार दिवस थांबा, कुठला मणी वाचला ते तेव्हा कळतं.

सहावी पायरी: तोडणी तोंडाने ठरवा

ब्रिक्सला साधारण ०.५८ ने गुणा, तेवढा अल्कोहोल येईल. २४ ब्रिक्सला सुमारे १४ टक्के, २७ ला साडेपंधराच्या वर, आणि तिथे यीस्टलाही धाप लागते, आंबवण मध्येच अडकू शकतं. पण नुसत्या ब्रिक्सवर तोडणी ठरवण्याचे दिवस गेले. पाणी उतरल्यावर दर दोन दिवसांनी फिरा, वेगवेगळ्या ओळींतून, उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंचे शंभरेक मणी घ्या, पीएच आणि आम्लता मोजा, आणि चावून बघा. बी हिरवी आणि चिवट का तपकिरी आणि कुरकुरीत, साल चावताना तुरट कोरडी का मऊ, हे लिहून ठेवा. एकाच बागेत दोनदा तोडणी करायची तयारी ठेवा, उन्हाकडची आधी आणि सावलीची नंतर. आधी तोडलेल्यात आंबटपणा असतो, नंतरच्यात चव, आणि दोन्ही मिसळून जी वाइन होते ती एकट्या कुठल्याच तोडणीतून होत नाही.

तोडणी रात्री किंवा पहाटे. गरम मणी वायनरीत पोचेपर्यंत रस सोडतात, काळवंडतात, आणि थंड करायला वीज जाते. टार्टारिक घालून आंबटपणा सुधारता येतो पण किती घालायचं याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि चवीला ते वेलीवरच्या आंबटपणासारखं लागत नाही.

धुराचं एक लक्षात ठेवा. जवळ वणवा लागला आणि मणी वाढीच्या उत्तरार्धात असतील तर धुरातले पदार्थ सालीतून आत जाऊन साखरेशी बांधले जातात, धुऊन जात नाहीत, आणि वास आंबवताना किंवा बाटलीत गेल्यावर उघडतो. आधी बादलीभर द्राक्षं वेगळी आंबवून बघा, मग सगळी तोडा.

सातवी पायरी: नवी लागवड करणार असाल तर

वेल तीस चाळीस वर्षं उभी राहते, त्यामुळे आजचं नाही, पंचवीस वर्षांनंतरचं तापमान धरून ठरवा. २०२४ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात म्हटलंय की तापमानवाढ २ डिग्रीच्या पुढे गेली तर स्पेन, इटली, ग्रीस आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या किनाऱ्याच्या आणि सखल भागातल्या जवळपास ९० टक्के पारंपरिक वाइन प्रदेशांना शतकाच्या शेवटी धोका आहे. घाबरवायला नाही सांगत, रोपं मागवायच्या आधी हा विचार झालाच पाहिजे.

ओळीची दिशा फुकटात मिळते आणि परत बदलता येत नाही. उत्तर दक्षिण ओळीत पश्चिमेकडचे घड दुपारभर भाजतात. उत्तर गोलार्धात ओळ ईशान्य नैऋत्य तिरकी केली तर दुपारचा सूर्य ओळीच्या लांबीतून जातो आणि पानांची सावली घडावर पडते, दक्षिण गोलार्धात त्याऐवजी वायव्य आग्नेय. उंचीचा हिशोब सोपा आहे, दर १०० मीटरला साधारण ०.६ डिग्री कमी, म्हणजे ३०० मीटर वर गेलात तर जवळपास दोन डिग्री मिळाले. स्पेनमध्ये पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी लोक वर सरकलेत ते यासाठीच. फक्त उंचावर अतिनील किरण जास्त आणि पाणी कमी असू शकतं, ते बघा.

खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर जातीचं कलम करतात तो, निवडताना दुष्काळाला टिकणारे ११० रिश्टर, १४० रुजेरी, ११०३ पॉल्सन यांच्याकडे बघा, रिपारिया ग्लॉयर कोरड्या जागी नको. पाणीच नसेल तर जुन्या लोकांचं बघा, ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर वेल टोपलीसारखी गोल वळवून जमिनीलगत ठेवतात, घड आत सावलीत आणि वाऱ्यापासून सुरक्षित, अंतर मोठं.

आणि जात. हा सगळ्यात अवघड निर्णय कारण वाइन जातीच्या नावावर विकली जाते. पण फ्रान्समधल्या बोर्डोसारख्या हट्टी प्रदेशानेही २०२१ मध्ये सहा नव्या जातींना परवानगी दिली, लाल मार्सेलान, तुरीगा नासियोनाल, कास्टे, अरिनार्नोआ आणि पांढऱ्या अल्व्हारिन्यो, लिलिओरिला, लागवडीच्या ५ टक्के आणि मिश्रणात १० टक्क्यांच्या मर्यादेत. पद्धत मला फार आवडली, सगळं उपटायचं नाही, पाच टक्क्यांवर शिकायचं. गरम जागेसाठी ग्रेनाश, मूर्वेद्र, आंबटपणा धरणारी असिर्टिको, नेरो दाव्होला या बघण्यासारख्या आहेत, पण ग्रेनाश स्वतः साखर भरपूर चढवते हे विसरू नका. नवी जात नकोच असेल तर आहे त्याच जातीचे उशिरा पिकणारे क्लोन शोधा, जुन्या बागेवर टोपकलम करून बघता येतं, मुळं तीच राहतात आणि दोन तीन वर्षांत फळ हातात येतं.

सुरुवात कुठून करायची असेल तर या हंगामात थर्मामीटर घ्या, दहा वेली रिबिन बांधून ठेवा, पाचांची दुपारच्या बाजूची पानं राखा आणि पाचांचं नेहमीप्रमाणे करा. तोडणीच्या दिवशी दोन्हीकडचे मणी वेगळ्या वाट्यांत घेऊन शेजारी शेजारी चावून बघा.